चाळीस ग्रॅम माती

गाडी ऐंशीच्या पुढं गेली की स्टेअरिंग थरथरायचं. सत्तरपर्यंत काही नाही. पंच्याऐंशीला तळव्यांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं, नव्वदला डॅशबोर्डवरचा गणपती मान हलवायला लागायचा, आणि गंमत म्हणजे शंभराच्या पुढं नेली की थरथर जराशी कमी व्हायची. हे शेवटचं मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. शंभराच्या पुढं नेलीसच कशाला, हा प्रश्न आधी आला असता.

आधी घरात सांगितलं. "हात सैल सोड जरा," हे म्हणाले. "स्टेअरिंग म्हणजे काय म्हशीचं शिंग आहे का, एवढं आवळून धरायला?" दिराला फोन केला, तर तो म्हणाला, "वहिनी, रस्ताच तसला आहे आपल्याकडचा." शेजारच्या काकूंनी गाडीची दृष्ट काढा म्हणून सांगितलं. एकूण तीन निदानं झाली आणि तिन्हींत गाडीला कुणी हात लावला नव्हता.

स्टेअरिंग माझ्याकडं आलं ते तीन वर्षांपूर्वी, सत्तेचाळिसाव्या वर्षी. यांची साखर वाढली, डोळ्यांच्या पडद्याला त्रास झाला, लेझर झालं आणि डॉक्टरांनी हायवेवर गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. माझं लायसन्स वीस वर्षं कपाटात रेशनकार्डाशेजारी पडून होतं. लेक छत्रपती संभाजीनगरला शिकायला, आम्ही अंबाजोगाईत. केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागड, पाचोड, आडूळ असा दोनशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. महिन्यातून एकदा तरी जाणं होतं. पहिले सहा महिने मी एसटीच्या मागंमाग गेले. एसटी थांबली की थांबायचं, निघाली की निघायचं. लाल गाडीच्या पाठीवरच्या सगळ्या सरकारी जाहिराती मला पाठ झाल्या होत्या. हे शेजारी बसून प्रत्येक वळणाला उजवा पाय दाबतात. त्या बाजूला ब्रेक नसतो हे त्यांच्या पायाला अजून पटलेलं नाही.

दिराचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आमची माती काळी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दर वर्षी हे चालूच. तिच्यावर केलेला डांबरी रस्ता चार-पाच वर्षांत लाटा धरतो. वरून काळाभोर, गुळगुळीत दिसतो, खड्डा एक नाही, पण गाडी होडीसारखी डुलत जाते. लातूरकडं, परभणीकडं असे कितीतरी पट्टे आहेत, जिथं मागच्या सीटवरची पोरं हमखास ओकतात. पण ती डुलणी जागेला बांधलेली असते. तो ओढा आला, ते वडाचं झाड आलं, की डुलायला सुरुवात. माझी थरथर वेगाला बांधलेली होती. बीडच्या बायपासला नव्वदला तीच, गेवराईच्या पुढं नव्वदला तीच. मी दोन फेऱ्यांत हे नीट पाहिलं, आणि दिराला सांगितलं की रस्ता नाही. तो म्हणाला, मग टायर बदला. टायर बदला हा सल्ला देणाऱ्याला टायर कधीच बदलावे लागत नाहीत.

गाडी नेहमी जिथं सर्व्हिसिंगला जाते तिथं नेली. तिथल्या माणसानं गावातच एक चक्कर मारली. गर्दीतून, चाळीसच्या वेगानं. परत येऊन माझ्याशी न बोलता यांच्याशी बोलला, "सर, गाडी ओके आहे. मॅडम स्टेअरिंग घट्ट पकडतात, त्यानं तसं वाटतं. अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाकतो." हे दोन शब्द आपण चहापाणी म्हटल्यासारखे एका दमात म्हणतो. पण चहा वेगळा आणि पाणी वेगळं. अलाइनमेंट म्हणजे चारही चाकं जमिनीशी आणि एकमेकांशी नेमक्या कोनात उभी आहेत का. ते बिघडलं तर सरळ रस्त्यावर हात सैल सोडला की गाडी एका अंगाला ओढते, टायर एकाच कडेला झिजतो. बॅलन्सिंग म्हणजे एकेका चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का. ते बिघडलं तर गाडी ओढत नाही, थरथरते, तीही ठरावीक वेगाला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बिल भरलं आणि आले.

चार दिवस बरं गेलं. पाचव्या दिवशी केजच्या अलीकडं एकदम असं थरथरलं की गणपतीच खाली पडला.

आता इथं एक कबुली देते. मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण परिभ्रमण गतीचं. दर जूनमध्ये फळ्यावर वर्तुळ काढते, त्यातून बाहेर जाणारा बाण काढते, जत्रेतल्या मौत का कुवाचं उदाहरण देते, पोरं हसतात. वेग दुप्पट झाला की बल चौपट होतं हे पंचवीस वर्षं सांगतेय. आणि दोन महिने माझ्या हाताखाली तेच सूत्र थरथरत होतं, तेव्हा मी हात जास्त आवळते का, याचा विचार करत होते.

केजच्या पुढं मांजरसुंब्याच्या रस्त्याला एक टायरचं दुकान आहे. पत्र्याची शेड, पुढं जुन्या टायरांची चळत, आत बॅलन्सिंगचं मशीन. बाविशीचा पोरगा असेल. त्यानं गाडीला हात लावायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"कवापासून हलायलीय मॅडम?"

"महिना-दीड महिना झाला."

"ब्रेक मारल्यावर हलतीय का तशीच?"

"तशीच."

"मंग डिस्कचं न्हाई. ब्रेक मारल्यावरच हलली असती तर डिस्क वाकडी झाली म्हणलो असतो. एक्सलेटर दाबल्यावर वाढतंय का?"

"नाही. वेगावर आहे. सोडून दिली तरी नव्वदला आहेच."

"मंग एक्सलचा जॉइंट न्हाई. हळू चालवताना लंगडल्यावानी करतीय का?"

"नाही."

"मंग टायरात फुगा न्हाई. स्टेअरिंग हलतंय का बूड?" असं म्हणून त्यानं जीभ चावली. "म्हंजे सीट."

"स्टेअरिंग."

"पुढचं चाक."

माझ्या डॉक्टरांनी इतके प्रश्न मला कधी विचारले नाहीत. त्यानं आधी पाना घेऊन चारही चाकांचे नट दाबून पाहिले. चाक काढून बसवलं की पन्नासेक किलोमीटरनंतर नट परत एकदा आवळायचे असतात, ते कुणी करत नाही, हे त्याचं म्हणणं. नट ढिले असतील तर मग बाकी काही शोधत बसायचं नाही, गाडी हलवायचीच नाही. नट ठीक होते. मग जॅक लावला. पुढचं चाक उचलून दोन्ही हातांनी वर-खाली हलवलं, मग डावी-उजवीकडं. खटखट आली असती तर जॉइंट गेला, नाहीतर टाय रॉडला, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याला, ढिलेपणा आला. आली नाही. हातानं चाक फिरवून कान लावला. बेअरिंग घरघरत नव्हतं. मग चाक काढून उताणं पाडलं, आणि हसला.

"ही बगा तुमची अलाइनमेंट."

चाकाच्या आतल्या खोबणीत, बाहेरून कधीच दिसणार नाही अशा जागी, काळी माती बसली होती. वाळून दगड झालेली. अर्ध्या गोलात बोटभर जाड थर, आणि पुढं वीतभर जागा मोकळी. तिथला ढेकूळ नुकताच निखळून पडला असावा, खालचं लोखंड स्वच्छ दिसत होतं. या अशा मातीसकट चाक मशीनवर चढवून, त्या वजनाला उत्तर म्हणून समोरच्या बाजूला शिसं चिकटवून दिलं होतं. म्हणजे मातीचंच बॅलन्सिंग करून मिळालं होतं. चार दिवसांनी एक ढेकूळ पडला आणि सगळा हिशोब उलटा झाला.

"शेतात नेली व्हती का?"

नेली होती. वेळ अमावास्येला. आमच्याकडं, म्हणजे लातूर-धाराशिव आणि बीडच्या या अंगाला, मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. माझ्या भावाच्या शेतात हरभऱ्याला पाणी चालू होतं, पाइप फुटून पांदीत चिखल झाला होता. "ताई, गाडी इकडंच ठेव, चालत ये," असं भाऊ ओरडत होता. मी काच वर करून बसले होते. गाडी अशी रुतली की चाकं जागच्या जागी फिरत राहिली, आणि शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी धुऊन घेतली. वरून. काळी माती ओली असताना पाय सोडत नाही आणि वाळल्यावर छिन्नी मागते, हे शेतकऱ्याच्या पोरीला कुणी सांगायची गरज नव्हती. पण चाकाला आतली बाजू असते हेच कधी मनात आलं नव्हतं.

त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं माती खरवडली, आधी चिकटवलेलं शिसं काढलं. खरवडायच्या आधी चाक मशीनवर चढवलं होतं तेव्हा मातीसकटचा आकडा ४५ ग्रॅम आला होता. आता १० आला. दहाचं शिसं लावलं, आकडा शून्य झाला. दुसऱ्या चाकातूनही मूठभर निघाली. मी एक ढेकूळ रुमालात बांधून घेतला. हे गाडीतून पाहत होते. काही बोलले नाहीत. काय बोलणार.

कॉलेजात तो ढेकूळ केमिस्ट्रीच्या तराजूवर ठेवला. ३८ ग्रॅम. बारावीच्या वर्गाला गणित घातलं. चाकाची रिम चौदा इंची, म्हणजे त्रिज्या साधारण १८ सेंटिमीटर. टायरसकट चाकाचा घेर १.८५ मीटर. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेतेरा गिरक्या घेतं. चाळीस ग्रॅम जास्तीची माती एका बाजूला असेल तर ती चाकाला किती जोरानं बाहेर ओढेल? उत्तर आलं पन्नास न्यूटनच्या आसपास, म्हणजे पाच किलोचं वजन लोंबकळावं तेवढं. तेही एका दिशेला स्थिर नाही, सेकंदाला साडेतेरा वेळा गोल फिरणारं. पंचेचाळीसच्या वेगाला हाच जोर चौथाईवर येतो, म्हणून गावात चक्कर मारणाऱ्याला काही कळलं नाही. आणि शंभराच्या पुढं थरथर कमी का व्हायची? चाक आणि त्याची स्प्रिंग यांची एक स्वतःची लय असते, सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांच्या घरातली. झोका बरोबर लयीत ढकलला की उंच जातो, लय चुकली की जात नाही. नव्वदला माझी माती बरोबर लयीत ढकलत होती. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, मॅडम, सगळीकडून सारखी माती असती तर? तर काहीच झालं नसतं. चाकाला वजनाची अडचण नसते, एकाच बाजूच्या वजनाची असते. त्याला मी शंभरापैकी शंभर द्यायला हवे होते. परीक्षेत असले प्रश्न येत नाहीत.

इथं गोष्ट संपली असती तर मी फार खूश झाले असते. माझा हात नव्हे, चाक दोषी होतं, आणि तसं पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं. पुढच्या फेरीला नव्वदला गणपती ढिम्म. पण मांजरसुंब्यानंतर चौपदरी रस्त्याला लागलो, एका ट्रकला मागं टाकायला उजवीकडच्या लेनमध्ये गेले, आणि गाडीनं असा हिसका दिला, एकदा उजवीकडं, मग डावीकडं, मग परत जराशी उजवीकडं, की यांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मी म्हणाले, "अजून काहीतरी राहिलंय गाडीत. शॉकॲब्सॉर्बर बघायला हवेत." ते बघितले. चांगले होते.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत. तीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली बरीच पाण्याच्या टँकरवर. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ते दिवस त्यांनी टँकरच्या केबिनमध्ये काढले, आमच्या तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांना पाणी पोचवत. एका लग्नाला जायचं होतं म्हणून ते आमच्याबरोबर बीडपर्यंत आले. मागच्या सीटवर मध्यभागी, दोन सीटांच्या मधून रस्ता दिसेल असे बसले. मी एक ट्रक मागं टाकला, दुसरा टाकला. तिसऱ्या वेळी ते हळूच म्हणाले, "बाई, राग येणार नसंल तर सांगतो. तुमी लेन बदलत न्हाईत. उडी मारताव."

मग त्यांनी टँकरचं सांगितलं. दहा हजार लिटरचा टँकर भरलेला असला की बरा. पाणी हलायला जागाच नसते, दहा टनांचा एक ठोकळा. रिकामा असला तरी बरा. पण पहिल्या वस्तीवर निम्मं पाणी सोडून दुसऱ्या वस्तीकडं निघालं की वैरी होतो. "तुमी उजवीकडं वळलाव की पाणी डावीकडं जातंय. तुमी सरळ केलाव की ते उजवीकडं यायला निघतंय. तुमचं काम झालेलं आसतंय, पाण्याचं न्हाई. मागं पाच टनाचा पैलवान इकडून तिकडं लोळायलाय. म्हणून हात कसा, तर दळण दळल्यावानी. हिसका न्हाई." आणि मग स्वतःच हसून, "उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणत्यात ते ज्यानं म्हणलं तो टँकरवरच आसंल."

माझ्या गाडीत पाणी नव्हतं, पण गाडीचं अंग स्प्रिंगांवर बसलेलं असतं, आणि त्यात माणसं आणि डिकीत लेकीसाठी नेलेलं पिठाचं पोतं. तेही लोळतंच. मी काय करत होते? उजवीकडं जायचं म्हणजे मागून कुणी यायच्या आत लवकर जायचं, या घाईत एका झटक्यात वळवत होते आणि दुसऱ्या झटक्यात सरळ करत होते. गाडीचं अंग पहिल्या झटक्याला डावीकडं कललेलं, ते उजवीकडं परत येत असतानाच दुसरा झटका त्याला आणखी उजवीकडं फेकणारा. वर ट्रकचा वारा. मोठा ट्रक हवा फाडत जातो, त्याच्या तोंडाशी हवा बाहेर ढकलली जाते आणि अंगाशी ती आत ओढते. ट्रकच्या बाजूनं जाताना गाडी किंचित त्याच्याकडं ओढली जाते, मी घाबरून उजवीकडं धरायची, आणि ट्रकच्या नाकापाशी पोचले की वारा मला नेमका उजवीकडंच ढकलायचा. मग मी डावीकडं आणणार, तीही उशिरा आणि जास्त. गाडी हलायची, मी सावरायची, आणि माझ्या सावरण्यानं ती आणखी हलायची.

म्हणजे जी थरथर चाकाची होती ती लोकांनी माझ्या हाताच्या नावावर मांडली, आणि जे डोलणं खरंच माझ्या हाताचं होतं ते मी गाडीच्या नावावर मांडलं. खातेवही दोन्हीकडून चुकलेली.

बीड येईपर्यंत मामांनी मला लेन बदलायला शिकवलं. मी ते इथं त्यांच्याच क्रमानं लिहिते, कारण क्रम बदलला की ते निकामी होतं. आधी लांबवर पुढं बघायचं, कारण पुढं दुभाजक तुटलेला असेल आणि ट्रॅक्टर वळायला उभा असेल तर या गोष्टीत पडायचंच नाही. मग मधला आरसा, मग उजवा आरसा. मग मान. "आरसा खोटं बोलत न्हाई, पण समदं सांगत न्हाई," हे मामांचं वाक्य. बाहेरचा आरसा जरा फुगीर असेल तर मागची गाडी आहे त्याहून लांब दाखवतो, आणि आपल्या मागच्या दाराच्या अंगाला असलेली मोटारसायकल तर दाखवतच नाही. तेवढ्यासाठी मान किंचित उजव्या खांद्यावर, क्षणभर. मग साइड दाखवायची, म्हणजे इंडिकेटर, आणि मनात तीन वेळा विठ्ठल म्हणायचं, सावकाश. मी आधी काय करायची, तर चाक वळवता वळवताच इंडिकेटर द्यायची. ते मागच्याला सांगणं नव्हे, झालं ते कळवणं. तीन विठ्ठल झाल्यावर आरशात परत एकदा बघायचं, मग सरकायला लागायचं. सरकणं चार-पाच विठ्ठल चालू राहिलं पाहिजे. सरकताना ब्रेक नाही. एक्सलेटरवरचा पाय आहे तिथं, किंवा अगदी थोडा दाबलेला.

मी घरी येऊन यावरही गणित केलं, सवयच आहे. आपल्या हायवेची एक लेन साडेतीन मीटर रुंद. नव्वदच्या वेगानं साडेचार सेकंदांत मी सव्वाशे मीटरपेक्षा थोडी कमी पुढं जाते, आणि तेवढ्यात बाजूला जायचं असतं फक्त साडेतीन मीटर. कोन काढला तर सरासरी दोन अंशही भरत नाही. स्टेअरिंग वळवायचंच नसतं, त्याला नुसतं सुचवायचं असतं. आणि तेच काम निम्म्या वेळात केलं तर बाजूचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. माझी जुनी ओळख, वर्ग करून मोठी होणारी राशी, इथंही भेटली.

आणखी एक हिशोब मला जास्त भीतिदायक वाटला. ट्रक साठनं चाललाय, मी नव्वदनं. त्याच्या चाळीस मीटर मागून निघून चाळीस मीटर पुढं जाऊन परत डावीकडं यायचं, मधे त्याची बारा मीटर लांबी. फरक ताशी तीसचा, म्हणजे सेकंदाला आठ मीटर आणि थोडे वर. अकरा सेकंद लागतात. अकरा सेकंदांत मी पावणेतीनशे मीटर रस्ता खाल्लेला असतो, आणि मागून एकशेवीसनं येणारा, जो आरशात शंभर मीटरवर पांढरा ठिपका होता, तो माझ्या डिकीला चिकटून डिपर मारत असतो. म्हणून ठिपक्याकडं बघून "लांब आहे" म्हणायचं नाही. दोनदा बघायचं, आणि दोन बघण्यांत तो किती मोठा झाला ते बघायचं.

आमच्याकडच्या रस्त्याचे काही खास विषय आहेत, ते कुठल्या पुस्तकात सापडणार नाहीत. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा त्याचा अर्थ "या, पुढं जा" असाही असतो आणि "मी उजवीकडं वळतोय" असाही असतो, आणि दोन्ही अर्थांचे ड्रायव्हर एकाच ढाब्यावर जेवतात. मामा म्हणतात, त्याचा इंडिकेटर हा त्याचा निरोप, तुमच्यासाठी हुकूम नाही. त्याचं पुढचं चाक बघा. क्लीनर साइडनं, म्हणजे डावीकडून, काढायचा मोह आवरायचा, कारण तिकडं त्याला सगळ्यांत कमी दिसतं. साखर कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर रात्री मागं दिवा नसताना चालतात, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडून लोंबतो. आणि पुढचा कट, म्हणजे दुभाजकातली वळायची फट, लांब म्हणून राँग साइडनं, दुभाजकातल्या कण्हेरीला धरून येणारी मोटारसायकल. ती उजव्याच लेनमध्ये भेटते. म्हणून ट्रक मागं टाकला, तो पूर्ण मधल्या आरशात दिसायला लागला, की डावीकडं परत. उजवी लेन राहायला नसते. हे तेवढ्यानं टळतं असं नाही, पण आपण तिथं कमी वेळ असतो.

समृद्धीवर मी एकदाच गेलेय, सावंगीहून जालन्यापर्यंत, एका साखरपुड्याला. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी खुला झाला तेव्हापासून हे म्हणत होते, एकदा तरी नेऊन आण. एका बाजूला तीन लेन, दुचाकी नाही, कट नाही, बैल नाही, कारला १२०ची मर्यादा. मला तो रस्ता आवडला नाही. चुकायला काहीच नसल्यासारखं वाटतं, आणि मग डोळे जड होतात. एक मात्र तिथं नीट कळलं. पहिल्या लेनमधून तिसऱ्या लेनमध्ये जाणं ही एक गोष्ट नव्हे, दोन आहेत. मधे दम घ्यायचा, परत आरसा, परत विठ्ठल. तिरकं कापत जाणारे दोघं-तिघं दिसले. यांनी प्रत्येकाला शिवी दिली, मनातल्या मनात, पण ओठ हलत होते.

बीडला उतरताना मी मामांना विचारलं, आपण बरोबर लेन बदलली हे कळतं कसं? मागं बसलेलं माणूस तर काहीतरी सांगणारच. ते म्हणाले, "शेजारचा झोपलेला आसंल तर त्यो उठता कामा नये." मी यांच्याकडं पाहिलं. हे तीन वर्षांत माझ्या शेजारी एकदाही झोपलेले नव्हते. "साहेब जागे राहिले तर बाई शिकायच्या न्हाईत," असं काहीतरी म्हणत मामा आपली पिशवी घेऊन गेले.

परवा परत संभाजीनगरला निघालो. निघायच्या आधी मी चारही चाकांच्या आत बोट फिरवून पाहते, आता सवय झालीय, बोटं काळी होतात. गेवराई गेल्यावर उन्हाची तिरीप आली, यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मी दोन कंटेनर मागं टाकले, एक दुधाचा टेम्पो, मग कापसाचा ट्रक, गठ्ठ्यांनी दोन्ही अंगांनी फुगलेला. आरसा, मान, विठ्ठल विठ्ठल विठ्ठल, सरक. परत डावीकडं. पाचोडच्या अलीकडं मोसंबीची पाटी घेतलेल्या बायका रस्त्याकडेला दिसल्या आणि मी वेग कमी केला, तेव्हा हे दचकून सावरून बसले.

"शहागड आलं की सांग. गोदावरीला हात जोडायचेत."

"पूल मघाशीच गेला."

"मघाशी म्हणजे?"

"वीसेक मिनिटं झाली."

ते मागं वळून बघायला लागले, पण मागं नुसता रस्ता होता. त्यांनी तिकडंच तोंड करून हात जोडले. मग पुढं बघून म्हणाले, "उठवायचं नाही का मग?"